जीभ पोराची, शब्द शहराचा

बारा ओळींची एक इंग्रजी कविता आहे. नाव 'इन्सिडन्ट'. म्हणजे घटना. पोलिसाच्या डायरीत नोंद करावी तसलं कोरडं नाव. कवी काउंटे कलन, अमेरिकेतला काळा माणूस. १९२५ साली त्याचा 'कलर' हा पहिला संग्रह निघाला, त्यात ती आहे. तेव्हा कलन बावीस वर्षांचा होता. आपल्यातल्या बहुतेकांच्या वयाचा.

कवितेत घडतं ते एवढंच. आठ वर्षांचा काळा पोरगा बाल्टिमोर शहरात गाडीतून चाललाय, मोठ्या खुशीत. समोर त्याच्याच वयाचा, त्याच्याच अंगलोटाचा गोरा पोरगा. हा हसतो. तो जीभ काढून दाखवतो आणि शिवी देतो. पुढं हा पोरगा मे ते डिसेंबर त्या शहरात राहतो, सगळं शहर बघतो. पण मोठेपणी आठवायला बसला तर त्याला तेवढीच गोष्ट आठवते. संपली कविता.

शिवी कोणती ते जगाला माहीत आहे. मी ती इथं लिहीत नाही. त्या शब्दाच्या मुळाशी अर्थ 'काळा' एवढाच. त्याची शिवी माणसांनी केली. आपल्याला हे नवीन नाही. आपल्याकडं तर वेगळी शिवी शोधायचीही गरज पडली नाही. जातीचं नाव घेतलं की काम भागतं.

ही कविता आमच्या वाचनमंडळात वाचली तेव्हा एक साथी भडकला. म्हणाला, "हे रडगाणं आहे. पोरापोरांचं भांडण. यात लढा कुठाय? इतिहास कुठाय? असल्या कवितांनी कार्यकर्ता हळवा होतो." दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट दिलं पाहिजे. मी प्राध्यापक नाही. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर काम करतो, शब्दकोश उशाला घेऊन इंग्रजी शिकलो. पण मला या बारा ओळींत इतिहास दिसतो. तो त्या पोराच्या जिभेमागं लपून उभा आहे. त्याला बाहेर ओढू या.

आधी शहर बघा. कलन वाढला न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. पण कवितेला त्यानं बाल्टिमोर घेतलं. हे मेरीलँड राज्यातलं बंदर, उत्तर आणि दक्षिण यांच्या शिवेवरचं. यादवी युद्धात मेरीलँड उत्तरेच्या बाजूला राहिलं, पण गुलाम तिथंही होतेच. १८६४ साली राज्याच्या नव्या घटनेनं ती गुलामी मोडली.

त्याच्या बरंच आधी, १८२६ च्या सुमाराला, याच शहरात आठेक वर्षांचा एक गुलाम पोरगा आणला गेला. तोही आठ वर्षांचा! पुढं जग त्याला फ्रेडरिक डग्लस म्हणून ओळखणार होतं. मालकीण सोफिया ऑल्ड त्याला अक्षरं शिकवू लागली. मालक ह्यू ऑल्डला कळलं आणि त्यानं ते बंद पाडलं. गुलाम शिकला तर तो गुलामीच्या कामाचा राहत नाही, हे त्याचं म्हणणं. आपल्या स्मृतिकारांना हे त्याच्या कितीतरी आधी कळलेलं होतं.

मग डग्लसनं काय केलं? तो घरातून पाव घेऊन रस्त्यावर जायचा. रस्त्यावर गरीब गोरी पोरं असायची, भुकेली. तो त्यांना पाव द्यायचा, ती त्याला वाचायला शिकवायची. तुम्ही एकवीस वर्षांचे झालात की मोकळे, मी मात्र जन्मभर गुलाम, असं तो त्यांना म्हणायचा. त्या बोलण्यानं पोरं अस्वस्थ व्हायची, त्याला धीर द्यायची. हे सगळं डग्लसनं १८४५ च्या आत्मकथनात लिहून ठेवलंय. पोरांची नावं मात्र त्यानं मुद्दाम लिहिली नाहीत. गुलामाला शिकवल्याचं उघड झालं तर त्यांना त्रास झाला असता. १८३८ साली खलाशाचा वेश करून तो याच बाल्टिमोरमधून आगगाडीनं पळाला.

दोस्तहो, इथं जरा थांबा. ज्या शहरात कलनच्या कवितेतला गोरा पोरगा जीभ काढतो, त्याच शहरात शंभर वर्षांपूर्वी गोरी पोरं काळ्या पोराला मुळाक्षरं शिकवत होती. ती पोरं देवमाणसं नव्हती. त्यांना भूक होती. पण भुकेल्या पोराच्या जिभेवर अक्षरही येऊ शकतं, हे त्यांनी दाखवलं. शिवी पोराच्या रक्तात नसते. ती कुणीतरी आणून ठेवावी लागते.

ती आणून ठेवली कुणी?

गुलामी गेली, पण गुलामी पोसणाऱ्यांची तिजोरी आणि सवय दोन्ही राहिल्या. या व्यवहारात आपला मुलूखही गुंतलेला होता. १८६१ ला यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेतल्या गुलामांनी पिकवलेला, वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना. मग मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेठ लोक गब्बर झाले. १८६५ ला युद्ध संपलं आणि मुंबईचा फुगा फुटला. काळ्या माणसाच्या पाठीवरचा कोरडा आणि मुंबईच्या पेढ्यांवरचा पैसा एकाच कापसाच्या गाठीत बांधलेले होते. पण त्या गाठीकडं जोतीराव फुले वेगळ्या नजरेनं बघत होते. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्यांची गुलामी मोडायला झीज सोसली. आपलं आणि त्यांचं नातं १९७२ च्या दलित पँथरनं ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं तेव्हा सुरू झालं, असं समजू नका. ते त्याच्या ९९ वर्षं आधी पुण्यात छापलं गेलंय.

आता पुन्हा बाल्टिमोरला चला. १९०४ साली मेरीलँडनं कायदा करून आगगाडीत आणि आगबोटीत काळ्या-गोऱ्यांची बसायची जागा वेगळी केली. १९१० साली जॉर्ज मॅकमेकन नावाच्या काळ्या वकिलानं बाल्टिमोरच्या मॅककुलो स्ट्रीटवर, गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. येल विद्यापीठातून कायदा शिकून आलेला माणूस. शिक्षण होतं, पैसा होता, कोट-टाय होता. तरी शहर पेटून उठलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महापौर महूल यांनी एका ठरावावर सही केली. ज्या गल्लीत गोरे जास्त तिथं काळ्यानं राहायला जायचं नाही, काळे जास्त तिथं गोऱ्यानं जायचं नाही. गल्लीगल्लीचा हिशेब! वस्त्या रंगानं वाटणारा असा शहरी कायदा अमेरिकेत पहिल्यांदा झाला तो इथं. आणि हे महापौर त्या काळचे सुधारक म्हणून नावाजलेले होते. सुधारकांचा हा अनुभव आपल्यालाही आहे.

मग दुसऱ्या शहरांनी बाल्टिमोरचा कित्ता गिरवला. १९१७ साली लुइव्हिल शहराच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं असले कायदे रद्द केले. तर घरमालकांनी नवी युक्ती काढली. घराच्या खरेदीखतातच लिहायचं की हे घर काळ्याला विकायचं नाही. अशा अटी न्यायालयातून बजावून घेता येणार नाहीत, हे ठरायला १९४८ साल उजाडलं.

आता साधा हिशेब मांडा. कलनचा जन्म १९०३ चा. तो आठ वर्षांचा झाला १९११ ला. म्हणजे बाल्टिमोरच्या त्या ठरावाची शाई नुकती वाळत होती. कवितेतला पोरगा म्हणजे खुद्द कलनच, असं म्हणायची गरज नाही. त्या वर्षी आठ वर्षांचा असलेला कुठलाही काळा पोरगा घ्या आणि त्याच्या समोरचा कुठलाही गोरा पोरगा घ्या. त्या गोऱ्या पोरानं घरात बापाचं बोलणं ऐकलेलं असणार. 'ते' आपल्या गल्लीत येता कामा नयेत. महापौराची सही, वर्तमानपत्रांचे अग्रलेख, घरांच्या किमती, शेजारणींच्या गप्पा. एवढा मोठा कारभार, आणि पोराच्या तोंडात त्याचा राहिला फक्त एक शब्द. पोराला ठराव वाचता येत नाही. पण त्याचा सारांश त्याला तोंडपाठ असतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. त्या दिवशी जीभ पोराची होती, शब्द शहराचा होता. आणि आठ वर्षांच्या काळ्या पोरावर अख्खं शहर एकदम येऊन आदळलं. आता सांगा, आठ महिने हिंडूनही त्याला दुसरं काही का आठवू नये? बंदर, जहाजं, बाजार, सगळं पुसून गेलं. कारण त्या एका शब्दानं त्याला शहराचा खरा नकाशा दाखवला.

मोठ्या माणसाला शिवी दिली तर त्याच्याकडं उलट उत्तर असतं. संघटना असते, वकील असतो, नाहीतर निदान दगड असतो. आठ वर्षांच्या पोराकडं काय असतं? तो नुकता हसलेला असतो. हसून त्यानं हात पुढं केलेला असतो. त्या क्षणी त्याला कळतं की आपलं हसूसुद्धा चालत नाही. ही जखम तेवढ्यासाठी खोल जाते. मार विसरता येतो. परतवून लावलेलं हसू विसरता येत नाही.

हे आपल्याला बाबासाहेबांनी आधीच सांगितलंय. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणी १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं पुस्तिका म्हणून छापल्या. त्यातली पहिलीच आठवण १९०१ ची. वय नऊ-दहा वर्षं. नवे कपडे घालून, भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघालेला पोरगा. तोही खुशीत, तोही गाडीत! मसूर स्टेशनवर उतरले. स्टेशनमास्तर आधी आस्थेनं बोलला. जात कळली आणि तो झटकन मागं सरला. बैलगाडीवाले गाडीत घेईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की पोरांनीच गाडी हाकायची, तो बाजूनं चालणार. रात्र झाली. डब्यात जेवण होतं, पण प्यायला पाणी कुणी देईना. पोरं उपाशी झोपली.

बाबासाहेब पुढं जे लिहितात ते नीट समजून घ्या. शाळेत वेगळं बसावं लागतं, गोणपाट घरून न्यावं लागतं, शिपाई नसला तर पाणी मिळत नाही, हे त्यांना आधीही ठाऊक होतं. पण ते अंगवळणी पडलेलं होतं. या प्रवासानं धक्का दिला आणि ते अस्पृश्यतेचा विचार करू लागले. म्हणजे घाव आणि विचार एकाच दिवशी जन्मले. घाव भरून आला असता, विसरला गेला असता, तर पुढं महाडच्या तळ्यावर आपण कुणाच्या मागं गेलो असतो?

तेव्हा भडकलेल्या साथीला माझं पहिलं उत्तर हे, की लहानपणची जखम आठवणं म्हणजे हळवं होणं नव्हे. ती आठवण शाबूत ठेवणं हाच लढ्याचा पहिला कागद.

माझंही एक सांगतो, चार ओळींत. चौथीत असताना वर्गातल्या एका पोराच्या वाढदिवसाला गेलो होतो. सगळ्यांना स्टीलच्या ताटल्या, मला कागदाची. तो पोरगा मला मोठ्या प्रेमानं म्हणाला, "आई म्हणाली तुला ही दे." त्याच्या मनात काही नव्हतं. निरोप आईचा होता, आईला तो तिच्या सासूनं दिलेला असणार. त्याचं नाव मी लिहीत नाही. पण त्या घरातला केक कसा होता, हे मला आजतागायत आठवत नाही.

आता कलनवरचा दुसरा आक्षेप. तो गोऱ्यांच्या छंदात लिहायचा. इंग्रज कवी कीट्स त्याचा लाडका. 'इन्सिडन्ट'सुद्धा जुन्या इंग्रजी पोवाड्याच्या चालीत, पोरांच्या गाण्यासारखी लिहिलेली. १९२६ साली लँगस्टन ह्यूज या त्याच्याच पिढीच्या काळ्या कवीनं 'द नेशन' साप्ताहिकात लेख लिहून, 'निग्रो कवी' हे नाव नको म्हणणाऱ्या एका तरुण कवीचा समाचार घेतला. रोख कलनकडं होता असं अभ्यासक मानतात. ह्यूज म्हणत होता, काळेपणापासून पळू नका, आपल्या माणसांच्या जगण्यातून आणि गाण्यातून कविता काढा. आपल्याकडंही हा वाद झालाय. दलित कवी की नुसता कवी? मी या वादात ह्यूजच्या बाजूचा आहे. पण कलनचा एक मुद्दा त्याच्या कवितेनंच सिद्ध केलाय. नुसता कवी व्हायला निघालेल्या माणसालाही ती शिवी सोडत नाही. चाल गोड, यमक गोड, ऐकणारा मान डोलावतो, आणि मध्येच तो शब्द येतो. गोड चालीतून आल्यानं तो जास्त चावतो. कीट्स वाचून, न्यूयॉर्क विद्यापीठाची पदवी घेऊन, हार्वर्डला जाऊनही तो पोरगा त्याच्या आत आठ वर्षांचाच राहिला.

१९३४ पासून कलन न्यूयॉर्कच्या एका शाळेत फ्रेंच शिकवत होता. शाळेचं नाव काय? फ्रेडरिक डग्लस ज्युनियर हायस्कूल. जेम्स बाल्डविन तिथं शिकला, कलनच्या हाताखाली. १९४६ च्या जानेवारीत कलन वारला, वय ४२. त्याच वर्षी बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. हे ड्यु बॉइस काही काळ कलनचे सासरे होते. जग लहान आहे, आणि अपमानितांचं जग तर आणखीच लहान.

आणि लढा? तोही बाल्टिमोरमध्येच वाढत होता. थर्गुड मार्शल, जन्म १९०८, गाव बाल्टिमोर. मेरीलँड विद्यापीठाच्या कायदा शाळेत काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून तो वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकला. वकील झाल्यावर त्यानं आधी त्याच कायदा शाळेचं दार एका काळ्या विद्यार्थ्यासाठी न्यायालयातून उघडून घेतलं. पुढं त्यानं वेगळ्या शाळांविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात लढवला. त्या लढाईतला पुरावा काय होता? बाहुल्या. केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोनं लहान काळ्या पोरांपुढं गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, वाईट कोणती, असं विचारलं. बहुतेक पोरांनी गोरी चांगली सांगितली. मग विचारलं, तुझ्यासारखी कोणती? काही पोरं रडत उठून गेली.

१७ मे १९५४ ला निकाल लागला. वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. न्यायालयानं मान्य केलं की वेगळं काढल्यानं पोराच्या मनात कमीपणा रुजतो आणि तो बहुधा कधी निघत नाही. अकराव्या तळटिपेत क्लार्कच्या कामाचा दाखला आहे. कलननं बारा ओळींत जे १९२५ ला सांगितलं, ते देशाच्या न्यायालयाला कळायला २९ वर्षं लागली. आपल्याकडं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं चारचौघांत जातीवरून केलेला अपमान गुन्हा ठरवला. म्हणजे शब्दानं जखम होते, हे दोन्हीकडच्या कायद्यांना कबूल करावं लागलं. हे न्यायाधीशांना आपोआप सुचलं नाही. ज्यांना जखम झाली ते बोलत राहिले, लिहीत राहिले, म्हणून सुचलं.

पण निकालानं शहर बदलतं असं नाही. २०१५ साली बाल्टिमोरमध्ये फ्रेडी ग्रे हा २५ वर्षांचा काळा तरुण पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन मेला आणि शहर रस्त्यावर आलं. १९१० च्या त्या ठरावानं आखलेल्या रेघा अजून पुसलेल्या नाहीत.

आता आपल्यापुरतं. साथीओ, कविता करा न करा, पण एक काम करा. आपापल्या वस्तीत बसून प्रत्येकाकडून ती पहिली घटना लिहून घ्या. वय किती, जागा कोणती, महिना कोणता, शब्द कोणता. रडू नका, सजवू नका. पोलिसाच्या डायरीसारखं कोरडं लिहा. आणि खाली आणखी एक रकाना ठेवा: तो शब्द त्या पोराला कुणी शिकवला? पहिल्या रकान्यातून कविता निघेल. शेवटच्या रकान्यातून इतिहास निघेल.

आणि हा शेवटचा रकाना आपल्या दारातही भरला पाहिजे. आपली पोरं शेजारच्या मातंग वस्तीतल्या पोराला काय म्हणून हाक मारतात? झाडूवाल्याच्या पोराला? पारध्याच्या पोरीला? बाबासाहेबांनी या विषमतेला पायऱ्यापायऱ्यांची म्हटलं होतं, प्रत्येक पायरीवरच्याला खाली थुंकायला कुणीतरी मिळतं. कुठल्याही पोराच्या तोंडात ठेवायला आपल्याकडं दोनच गोष्टी आहेत, अक्षर नाहीतर शिवी. पुढच्या बैठकीत यावर बोलू. वह्या घेऊन या.

जय भीम.